हलकं हत्यार

मावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती. बँकेच्या लॉकरखोलीच्या दाराशी कमरेला रिव्हॉल्वर लावून उभी राहणारी ती पहारेकरीण. इतकी वर्षं ती त्याच दाराशी उभी होती की तिला नाव असेल हे लोक विसरूनच गेले होते. लॉकर उघडायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका तिला सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, बँकेतले कारकून तिच्याकडे छत्र्या ठेवून जायचे, आणि सगळे तिला मावशी म्हणायचे. तिने कधी कुणावर हत्यार उगारलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती, आणि येऊ नये म्हणून ती रोज सकाळी मनातल्या मनात हात जोडायची.

नोकरी बँकेची नव्हे, पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीची होती, आणि कंपनीचा नियम सरळ होता. वर्षातून एकदा चांदमारीच्या मैदानावर यायचं आणि आपल्या नावावरचं रिव्हॉल्वर चालवून दाखवायचं. निम्म्याहून जास्त गोळ्या आतल्या वर्तुळात गेल्या तर वर्षभर तुमची जागा तुमची. नाही गेल्या तर पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी. तेव्हाही हात हलला तर हत्यार जमा करायचं, दांडका घ्यायचा आणि गावाबाहेरच्या गोदामांवर रात्रपाळीला जायचं.

रात्रपाळी हा शब्दसुद्धा मावशीला नको असायचा. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला होता. उजवं अंग गेलेलं, डावं चालू. दिवसा समोरच्या दारची बाई त्याला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, दोन शब्द बोलायची. रात्री मात्र त्याची कूस बदलावी लागायची, उठवून बसवावं लागायचं, मोरीपर्यंत न्यावं लागायचं. ते करायला मावशीशिवाय कुणी नव्हतं. मावशी रात्रपाळीला गेली की नवरा गावाबाहेरच्या रुग्णाश्रमात जाणार, हे घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे भेटायला आठवड्यातून एकदा सोडतात.

तर यंदाच्या परीक्षेला मावशी मैदानावर उभी राहिली ती नवं कोरं रिव्हॉल्वर घेऊन. जुनं तिचं चांगलं ढब्बू होतं, लांब नळीचं, अख्खं पोलादाचं. कमरेला लावलं की डावा खांदा आपोआप वर व्हायचा आणि संध्याकाळी कंबर बोलायला लागायची. कंपनीने आखूड नळीची, हलक्या धातूची नवी हत्यारं मागवली तेव्हा हत्यारखोली सांभाळणाऱ्या माणसाने त्यातलं पहिलं मावशीसाठी बाजूला काढून ठेवलं. तो माणूस तिचा धाकटा दीर होता. वहिनीची कंबर दुखते म्हणून तो मोठ्या साहेबाशी भांडला होता, आणि ही गोष्ट त्याने कंपनीत झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली होती. मावशीनेही तोंड भरून त्याचं कौतुक केलं होतं. खोटं नव्हतं ते. तीन महिने कमरेला काही लावलंय की नाही हे चाचपून बघावं लागत होतं.

पहिली गोळी सुटली आणि मावशीच्या हातातून काहीतरी जिवंत उसळलं. नळीचं टोक आभाळाकडे गेलं, मूठ तळव्यात सणकली, अंगठ्याच्या बुडाशी आग झाली. आवाज इतका फुटका आणि मोठा की कानावरची झाकणं असूनही दात शिवशिवले. दुसऱ्या गोळीला तिने दात आवळले. तिसरीला डोळे. शेवटची सुटली तेव्हा आपण कुठे नेम धरला होता हे तिला आठवतसुद्धा नव्हतं. समोरच्या पुठ्ठ्यावर वर्तुळाच्या वर एक भोक होतं, बाकीच्या गोळ्या खालच्या मातीत गेल्या होत्या.

"नापास," परीक्षा घेणारा उस्ताद म्हणाला. त्याने ते जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, कारण उभा जन्म गोळ्यांच्या आवाजात गेल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. पलीकडच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या.

मावशीने हत्यार रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि बाकावर जाऊन बसली. दुखरा हात तिने दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. हात गेला आपला, तिला वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्याच्या पाठोपाठ आणखी एक विचार आला: गेला तर गेला. आपण मुद्दाम काही केलं नाही. आता कंपनी म्हणेल रात्रपाळी, दीर म्हणेल रुग्णाश्रम, आणि दिवसा घरी येऊन पाठ टेकायला मिळेल. सलग झोप. किती वर्षांत सलग झोप मिळाली नव्हती! तो विचार इतका गोड होता की ती त्यात घटकाभर बसून राहिली. मग तिची तिलाच शिसारी आली.

रांग संपल्यावर उस्ताद तिच्या शेजारी येऊन टेकला. दोघांची ओळख जुनी. मावशीला पहिल्यांदा हत्यार धरायला शिकवलं ते त्यानेच.

"हे खेळणं कुणी दिलं तुला?" त्याने विचारलं.

"खेळणं कसलं? नवीन आहे. माझ्या दिराने दिलंय."

"दिराचं काही वाकडं केलंयस का तू?"

"चेष्टा नको, उस्ताद. हात गेलाय माझा. मला कळलंय ते."

"काय?"

"हात गेलाय!" मावशी ओरडली.

"हात गेलाय थोडा," उस्ताद म्हणाला. "माझाही गेलाय. पण इतका नाही गेला. पहिल्या गोळीला तू बरोबर उभी होतीस. त्या गोळीने तुला घाबरवलं. मग पुढच्या प्रत्येक वेळी धक्का यायच्या आधीच तू मनगट खाली दाबत होतीस, म्हणून सगळ्या मातीत. हे बघ. गोळी पुढे जाते तेव्हा ती हत्याराला मागे ढकलते. काडतूस तेच, ढकलणंही जवळपास तेवढंच. एक रिकामी हातगाडी आणि एक विटांनी भरलेली, दोन्हींना सारखाच धक्का दिला तर पळेल कुठली?"

"रिकामी."

"मग? तुझ्या हातात रिकामी हातगाडी आहे. आणि नळी आखूड. लांब नळीचं वजन पुढे असतं, ते टोक खाली धरून ठेवतं. हिच्यात पुढे धरून ठेवायला काही नाही, म्हणून टोक उडतं. वर नेमाचं बघ. मागची खाच आणि पुढचा दाणा यात अंतर किती? बोटभर. इथे केसभर चुकलं की तिथे वीतभर चुकतं. चाप ओढायला जेवढा जोर लागतो ना, तेवढं या हत्याराचं वजनसुद्धा नाही. तू चाप ओढतेस तेव्हा सगळं हत्यारच बोटाबरोबर येतं."

मावशी त्या हत्याराकडे बघत राहिली. टेबलावर ते एवढंसं, गोंडस दिसत होतं.

"मग हे बनवतात कशाला?"

"वागवायला. उडवायची वेळ येणार नसेल तर याच्याइतकं सोयीचं हत्यार नाही. वर्षभर सुख, आणि एक दिवस हे." त्याने तिच्या अंगठ्याच्या बुडाशी उठलेल्या लाल वळाकडे बोट केलं. "ज्यांचे पंजे दणकट आहेत आणि जे रोज सराव करतात ते सांभाळतात हेही. तू वर्षातून एकदा येतेस. तुला जड पाहिजे. दिराकडे लांब नळीची एक-दोन अजून लटकत असतील. नावावर करून घे, कागदाचं मी बघतो."

ऐकायला सोपं होतं. पण दिराला हे सांगायचं मावशीच्या जिवावर आलं.

दीर माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण. वाईट असता तर तिने तोंडावर फेकलं असतं ते रिव्हॉल्वर. भावाचं दुखणं सुरू झाल्यापासून तो दर दोन दिवसांनी यायचा, औषधं आणायचा, नळ गळत असला तर दुरुस्त करायचा. फक्त त्याला एक खोड होती. समोरच्याला काय हवंय हे त्याला आधीच कळलेलं असायचं. विचारायची गरजच पडायची नाही.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा मावशी नवऱ्याला खुर्चीत बसवत होती. नवरा पूर्वी लोकांचं घरसामान हलवायचं काम करायचा. लोखंडी कपाटं, शिलाई मशिनी, एकदा तर एक अख्खा पियानो त्याने जिन्यावरून उतरवला होता, आणि ती गोष्ट ऐकवल्याशिवाय तो पाहुण्याला सोडायचा नाही. तेव्हा तो दार भरून टाकेल असा होता. आता सदऱ्यात दुसरा माणूस मावला असता. गेल्या काही महिन्यांत तर तो झरझर उतरला होता. गालफडं वर आली होती, मनगटाचं हाड दिसायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पडून राहिलं की भूक मरते.

"एक, दोन," मावशी म्हणाली आणि काखेत हात घालून तिने त्याला उचललं. तो उठला खरा, पण मधेच दुमडला. मावशीचा तोल गेला, खुर्ची सरकली, आणि दीर धावला म्हणून दोघं वाचले.

"बघ, किती हलका झालोय," नवरा धापा टाकत म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "पूर्वी मला हलवायला चार माणसं लागली असती."

"झालात हो हलके," मावशी म्हणाली. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तो हलका झाला होता हे खरं, पण उचलायला सोपा झाला नव्हता. उलट रोज अवघड होत चालला होता. हे गणित तिला सुटत नव्हतं, तेव्हा आपणच म्हातारे झालो, असं तिने धरून टाकलं होतं.

दिराने कपाळावरचा घाम पुसला. "वहिनी, मी ऐकलं परीक्षेचं."

"ऐकणारच. उस्तादांनी ओरडून सांगितलं."

"मनाला लावून घेऊ नका. त्या रुग्णाश्रमात एक खाट रिकामी होतेय. मी शब्द टाकून ठेवलाय. दादाचं नाव त्यांना लवकर कळवावं लागेल." मग तो भावाकडे वळला. "काय दादा?"

"मला चालेल," नवरा म्हणाला. "सामान कुठे ठेवायचं ते सामानाला विचारत नाहीत."

दीर हसला. नवराही अर्ध्या तोंडाने हसला. मावशीला हसू आलं नाही. रिव्हॉल्वरचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नुकताच तो धावला म्हणून ते दोघं जमिनीवर आपटले नव्हते. अशा वेळी कसं सांगायचं? तिने शब्द गिळला आणि चहा ठेवायला उठली. रात्री नवऱ्याची कूस बदलताना तिने ठरवलं, उद्या सांगायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्यावर ढकललं. परीक्षा तोंडावर आली तेव्हा कुठे ती कामावर जायच्या आधी हत्यारखोलीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

हत्यारखोली म्हणजे तळघरातली एक लांबट खोली. तेलाचा वास, भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर हत्यारं, आणि जाळीच्या खिडकीमागे दीर, हातात फडकं.

"भावजी, हे परत घ्या."

"का? काय बिघडलं?"

"ते नाही बिघडलं. मला जमत नाही. मला लांब नळीचं द्या. जड."

दिराने फडकं खाली ठेवलं. "वहिनी, तुमची कंबर..."

"कंबर माझी आहे."

"साहेबाशी भांडून काढलंय मी ते तुमच्यासाठी. दुसरे लोक रांगेत आहेत त्याच्या."

"माहीत आहे. अख्ख्या कंपनीला माहीत आहे. तुम्ही कुणाला सांगायचं ठेवलंय?"

त्याचा चेहरा पडला. मावशीला वाईट वाटलं, पण आता तोंड उघडलंच होतं.

"बाईमाणसाच्या हाताला हलकं सोपं," तो पुटपुटला. "हे कुणालाही कळतं."

"उडवून बघितलंत कधी?"

त्याने फडकं पुन्हा उचललं. इतकी वर्षं त्याने हत्यारं पुसली होती, तेल दिलं होतं, सकाळी दिली होती आणि संध्याकाळी घेतली होती. उडवलं एकही नव्हतं. त्याच्या खोलीत हत्याराचं एकच काम होतं, खुंटीवर लटकणं, आणि लटकायला हलकं चांगलंच.

"माझ्या भल्यासाठी केलंत," मावशी जरा मऊ आवाजात म्हणाली, "ते मला समजतं. पण याने मी नापास होते, भावजी. मी नापास झाले की तुमचा दादा या घरातून जातो. मला तो घरात हवाय."

हे ती कधीच कुणासमोर बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं. दीर उठला, मागच्या भिंतीकडे गेला आणि सगळ्यात टोकाच्या खुंटीवरून एक लांब नळीचं धूड काढून आणलं. नळीवरचा काळा रंग घासून पांढरा पडला होता.

"हे कुणी मागत नाही," तो म्हणाला. मग जाळीतून ते तिच्याकडे सरकवत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "खाटेचं त्यांना आजच कळवायचं होतं. परीक्षेपर्यंत थांबायला सांगतो."

ते धूड कमरेला लागल्याबरोबर मावशीचा डावा खांदा वर गेला आणि संध्याकाळी कमरेने आपलं जुनं गाणं सुरू केलं. बँकेत एका म्हातारीने विचारलं, लंगडतेस का गं? मावशी म्हणाली, सवय मोडली होती, पुन्हा लागतेय.

परीक्षेच्या दिवशी ती मैदानावर आली तेव्हा कुंपणाशी दीर उभा होता. रजा काढून आला होता. मावशीने त्याला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, जागेवर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी हत्यार उचललं. जड होतं. दंड लगेच भरून आले. पण टोक हलत नव्हतं. नळीच्या टोकावरचा दाणा समोरच्या वर्तुळात जाऊन बसला आणि बसून राहिला.

पहिली गोळी सुटली. मावशीने आदल्या वेळच्या धास्तीने मनगट दाबलंच, आणि गोळी खाली मातीत गेली. "धक्क्याची वाट बघू नकोस!" उस्ताद मागून ओरडला. "येईल तेव्हा येईल!" मावशीने हत्यार खाली घेतलं, श्वास सोडला. तिला अतोनात थकवा आला होता. इतका, की घाबरायलाही त्राण उरलं नव्हतं. तिने पुन्हा उचललं आणि नुसती दाण्याकडे बघत चाप ओढत राहिली. धक्का आला. कुणीतरी तळव्यावर सगळा भार टाकून रेलावं तसा, सावकाश आणि भरीव. टोक वर गेलं आणि आपल्या वजनानेच खाली येऊन जागेवर बसलं. डोळे उघडे होते. पुठ्ठ्यावर भोक पडलेलं तिला दिसलं.

बाकीच्या सगळ्या काही आत गेल्या नाहीत. एक बाहेर निसटली, एक रेषेवर बसली आणि ती आत की बाहेर हे बघायला उस्तादाने बराच वेळ पुठ्ठ्याला नाक लावलं. मग तो सरळ झाला.

"पास. काठावर आहेस, पण पास."

मावशीने मान हलवली. आनंदाने उड्या मारायचं तिचं वय नव्हतं आणि गुडघेही नव्हते. ती बाकावर बसून हात चोळत होती तेव्हा दीर आत आला, आणि उस्तादाने ते आखूड नळीचं गोंडस रिव्हॉल्वर रांगेतल्या त्याच्या नव्या मालकाकडून मागून घेऊन दिराच्या हातात ठेवलं.

"तूच ना रे देणारा? घे. एकच उडव."

दीर नको नको म्हणत उभा राहिला. गोळी सुटली, टोक उडालं आणि दिराने हात असा झटकला, जणू विंचू चावला. बराच वेळ तो अंगठा धरून उभा होता. मग मावशीपाशी आला.

"वहिनी, याने तुम्ही अख्खी परीक्षा दिलीत?"

"दिली."

"मला काही बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तो खाली बघत म्हणाला, "खाट नको म्हणून सांगतो त्यांना," आणि गेला.

परीक्षा लवकर आटोपली होती आणि उरलेल्या दिवसाची सुट्टी होती. भर दुपारी मावशी कधी घरी जात नसे. जिन्यावर ती एकेका पायरीला थांबत होती. वर पोचली तर समोरच्या दारची बाई तिच्याच घरातून बाहेर येत होती. हातात ताट. ताटात भाताचा ढीग जवळजवळ न मोडलेला, अंडं अख्खं, दह्याची वाटी भरलेली.

"आज बरं नाही का त्यांना?" मावशीने विचारलं.

"बरं आहे की. का?"

"जेवले नाहीत."

"रोज एवढंच जेवतात." बाई गोंधळली. "डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय ना? तुम्हीच म्हणालात, असं म्हणाले मला. चार घास खातात आणि उरलेलं माझ्या कोंबड्यांना. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

मावशीने ताट तिच्या हातातून काढून घेतलं. "नाही," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

आत नवरा उशीला टेकून बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा आधी उजळला, मग ताट दिसलं आणि विझला.

"कधीपासून?" मावशीने विचारलं.

त्याने डाव्या हाताने पांघरूण वर ओढलं.

"मी विचारतेय, कधीपासून चाललंय हे?"

"रात्री मला उचलताना तू कण्हतेस," तो म्हणाला. "तुला वाटतं मला ऐकू जात नाही. मी काय करू शकतो इथे पडून? काम नाही, धाम नाही. एवढंच हातात होतं. वजन कमी करायचं."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवडाभराचा, वर्षांचा शीण एकदम तोंडाशी आला.

"दोघे भाऊ सारखेच! त्याला वाटतं हलकं हत्यार दिलं की वहिनीचं भलं झालं. तुम्हाला वाटतं हलका नवरा दिला की बायकोचं भलं झालं. मला काय जड होतं ते मला विचारायचंच नाही कुणी! आणि तुम्ही, जन्मभर कपाटं उचललीत, तुम्हाला एवढं कळू नये? पूर्वी मी एक-दोन म्हटलं की तुम्ही डाव्या पायाने रेटा द्यायचात. निम्मा भार तुम्ही स्वतःच उचलायचात. आता त्या पायात रेटाच राहिला नाही. मेलं पोतं उचलल्यासारखं उचलते मी तुम्हाला. परवा दोघं पडलो असतो. मी म्हणत होते माझे हात गेले. माझे हात गेले म्हणून रडत होते मी, कळलं?"

नवऱ्याने डाव्या पायाकडे पाहिलं. पांघरुणाखाली तो हलवून बघितला. पाय जेमतेम सरकला. मग तो रडायला लागला, अर्ध्याच चेहऱ्याने, ते बघवत नव्हतं. मावशी त्याच्या शेजारी बसली. तीही रडली असती, पण तेवढी शक्ती कुणाकडे होती?

"मी जाईन रुग्णाश्रमात," तो हुंदके देत म्हणाला. "खरंच जाईन. तू झोप तरी."

"कुठे जाताय? पास झालेय मी."

"पास झालीस?"

"झाले. काठावर. वर्षभर रात्रीची मी घरीच आहे. आणि वर्षभर मला तुम्ही जड हवे आहात."

तिने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि चमचा डाव्या हातात दिला. त्याने एक घास घेतला. दुसरा घेतला. घास गिळायला त्याला कष्ट पडत होते, इतकी त्याची सवय गेली होती. मावशी भिंतीला टेकून पहारा देत बसली, अंगावर अजून गणवेश, पायात अजून बूट. अंडं संपेपर्यंत तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. भात अर्धा झाला तेव्हा तिची मान कलली आणि ती बसल्या जागी झोपून गेली.

नवऱ्याने तिला उठवलं नाही. हातातला घास त्याला नकोसा झाला होता, पोट तट्ट भरलं होतं, आणि ताट बाजूला सारलं असतं तरी बघायला कुणी जागं नव्हतं. त्याने दह्याची वाटी भातावर उपडी केली, चमच्याने कालवलं आणि सावकाश सगळं संपवलं.